हापूसची थेट विक्री आणि समाजमाध्यमे

कोकणातील हापूस आंब्याचा हंगाम साधारणपणे मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, म्हणजे फार तर दहा-अकरा आठवड्यांचा असतो. वर्षभराची खते, फवारण्या, राखण आणि मजुरी या थोड्या दिवसांत वसूल करावयाची असते. झाडावरून उतरविलेले फळ आढीत आठ-दहा दिवसांत तयार होते व त्यानंतर ते कोणासाठी थांबत नाही. म्हणूनच विक्रीचा मार्ग ऐन हंगामात बंद पडला तर आंबा बागायतदाराचे जेवढे नुकसान होते तेवढे भात किंवा काजू पिकविणाऱ्याचे होत नाही.

गेल्या काही वर्षांत बरेच बागायतदार आपल्या मालाचा काही भाग मोबाईलवरून मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना थेट विकू लागले आहेत. प्रशिक्षण वर्गात त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो. पूर्वी फोटो टाकला की दिवसभर फोन वाजत असे, आता तोच फोटो टाकला तर कोणी विचारीत नाही. आमचे चुकते कोठे? बहुतेक वेळा बागायतदाराचे काहीच चुकलेले नसते, बाजाराचे नियम बदललेले असतात. हे नियम कोण बदलतो, का बदलतो आणि त्यापासून आपली विक्री कशी सांभाळावी याची माहिती या लेखात दिली आहे.

थेट विक्रीला वाट कशी मिळाली

सन २०१६ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, त्यामुळे शेतकऱ्यास आवाराबाहेर माल विकणे सुलभ झाले. त्याच वर्षी यूपीआय ही पैसे पाठविण्याची पद्धत सुरू झाली आणि सप्टेंबरमध्ये रिलायन्स जिओची सेवा आल्यानंतर मोबाईलवरील इंटरनेट एकदम स्वस्त झाले. विकण्याची मुभा, पैसे घेण्याची सोय आणि गिऱ्हाइकापर्यंत पोहोचण्याचे साधन या तिन्ही गोष्टी एका वर्षात जुळून आल्या. पुढे जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस हे छोट्या व्यावसायिकांसाठीचे ॲप भारतात उपलब्ध झाले. त्यात मालाची यादी भावासह लावून ठेवता येते, गिऱ्हाइकांच्या नावांना खुणा करता येतात आणि नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवता येतात.

तरीही २०२० च्या टाळेबंदीपर्यंत फार थोडे बागायतदार याकडे वळले होते. त्या वर्षी माल तयार आणि रस्ते बंद अशी अवस्था झाली. तेव्हा शहरांतील गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर मागणी गोळा करून टेम्पोने पेट्या थेट फाटकापाशी उतरविण्याची पद्धत पडली. गरजेपोटी सुरू झालेला हा व्यवहार पुढेही टिकून राहिला.

आपला फोटो कोणाला दिसतो हे कोण ठरवितो

पुष्कळ बागायतदारांचा असा समज असतो की, आपल्या पानाला चार हजार लोक जोडलेले आहेत म्हणजे आपण टाकलेला मजकूर चार हजार लोकांना दिसतो. वस्तुस्थिती तशी नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब या ठिकाणी कोणाला काय दाखवावयाचे हे त्या कंपनीची संगणक प्रणाली ठरविते. गिऱ्हाईक पूर्वी कशापाशी थांबले, कशाला उत्तर दिले, कोणाशी बोलले यावरून ती अंदाज बांधते. कंपनीचे उत्पन्न जाहिरातीतून येते, तेव्हा माणूस जास्तीत जास्त वेळ आपल्याकडे रमावा हा तिचा हेतू असतो. आपला आंबा विकला जावा हा नसतो.

जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने असे जाहीर केले की, यापुढे व्यवसायांच्या पानांपेक्षा मित्र व नातलगांच्या मजकुरास प्राधान्य दिले जाईल. त्यानंतर व्यवसायाची पाने फुकटात दिसण्याचे प्रमाण घटले. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, म्हणजे बरोबर आंब्याच्या दिवसांत, वारंवार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असे केले. खोट्या बातम्या रोखण्यासाठी हे आवश्यकच होते. पण एकाने दुसऱ्यास, दुसऱ्याने दहा जणांस असा फिरणारा आंब्याचा निरोपही त्यामुळे मंदावला.

टिकटॉकचे उदाहरण तर सर्वांना आठवत असेल. २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने त्यावर बंदी घातली. त्यावर हजारो चाहते मिळविलेल्या खेड्यापाड्यांतील मंडळींना त्यांतील एकही माणूस बरोबर नेता आला नाही. रील्स व शॉर्ट्स हे प्रकार लगोलग आले, पण तेथे पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडले होते. ऑक्टोबरमध्ये आंबा नसतो म्हणून आपल्याला त्याची झळ बसली नाही. हीच रात्र अक्षय्य तृतीयेच्या आदली असती तर काय झाले असते याचा विचार करावा.

गुगलने छोट्या व्यवसायांना फुकट संकेतस्थळ करून देण्याची सोय ठेवली होती. अनेकांनी तो पत्ता खोक्यावर छापून घेतला. मार्च २०२४ मध्ये ही संकेतस्थळे बंद करण्यात आली आणि छापलेल्या खोक्यांचे गठ्ठे तसेच राहिले. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गुगलवर प्रश्न विचारला की पुष्कळदा यंत्राने तयार केलेले उत्तरच वर दिसते आणि संकेतस्थळे त्याखाली जातात. आणखी दोन वर्षांनी काय असेल हे आज सांगता येणार नाही.

सारांश असा नव्हे की ही माध्यमे वापरू नयेत. आठवडा बाजारात आपण ओटा भाड्याने घेतो तेव्हा तो आपला नाही हे आपल्याला ठाऊक असते. मालकाने उद्या ओटा हलविला तर आपण कुरकुरत दुसरीकडे बसतो. येथेही तसेच समजून वागावे. ओटा कोणाचाही असो, गिऱ्हाइकाचे नाव आपल्या वहीत असावे.

एका बागेतील अनुभव

प्रस्तुत लेखकाच्या मामांची राजापूर तालुक्यात सुमारे १८० कलमांची बाग आहे. भाच्याच्या उत्साहाने २०१९ मध्ये एका समाजमाध्यमावर बागेचे पान उघडण्यात आले. मोहोर, कैरी, झेल्याने चाललेली काढणी असे फोटो लोकांना आवडले आणि तीन हंगाम उत्तम गेले. मागणी त्या पानावरच येत असे व तेथेच उत्तर दिले जाई. कागदावर काही उतरवून घ्यावे असे कोणाला वाटले नाही.

एप्रिल २०२३ मध्ये एका सायंकाळी पानावर निरोप आला की, आपल्या पानाविरुद्ध तक्रार झाली असून चोवीस तासांत खातरजमा न केल्यास ते कायमचे बंद होईल. सोबत एक दुवा होता. दुवा दाबून परवलीचा शब्द भरणारा दुसरा-तिसरा कोणी नसून प्रस्तुत लेखकच होता. शेतकऱ्यांना सावधगिरीवर व्याख्याने देणाऱ्याच्या हातून हे घडले हे येथे नोंदविणे भाग आहे. रात्रीत पान भामट्याच्या ताब्यात गेले. तक्रार केली, पण हंगाम संपेपर्यंत ते परत मिळाले नाही.

त्या दिवशी आढीत सुमारे साठ पेट्यांचा माल होता आणि मोबाईलमध्ये गिऱ्हाइकांचे जेमतेम तीस क्रमांक. निम्मा माल दुसऱ्या रात्रीच्या गाडीने वाशीला पाठवावा लागला. मामा काही बोलले नाहीत. मामी मात्र म्हणाली, “अरे, लॉकडाऊनची वही आहे ना माळ्यावर!” टाळेबंदीच्या वर्षी पैसे कोणाचे आले, कोणाचे राहिले हे समजावे म्हणून तिने एका दोनशे पानी वहीत नाव, सोसायटी, फोन आणि पेट्या लिहून ठेवल्या होत्या. त्यात ११२ नावे निघाली. तीन संध्याकाळी बसून एकेकाला फोन केले. काहींनी क्रमांक बदलले होते, काहींनी दुसरीकडून आंबा घेतला होता, तरी ५८ जणांनी मागणी दिली आणि बरेच जण म्हणाले की, दोन वर्षे तुमचा फोनच नाही, आम्हाला वाटले बाग विकली. चार हजार जोडलेल्या लोकांच्या पानाकडे लक्ष देण्याच्या नादात घरचे शंभर गिऱ्हाईक आम्ही विसरून गेलो होतो.

गिऱ्हाइकांची वही

प्रत्येक बागायतदाराने विक्री लहान असली तरी गिऱ्हाइकांची नोंद ठेवावी. नाव, राहण्याचे ठिकाण, फोन, कोणत्या तारखेस किती पेट्या घेतल्या, फळ कोणत्या वजनाचे दिले, तक्रार काय आली व ती कशी मिटविली एवढे पुरे. तक्रारीचा रकाना गाळू नये, पुढील वर्षी तोच जास्त उपयोगी पडतो. नोंद कागदावर ठेवावी व तिची एक प्रत संगणकावर किंवा दुसऱ्या मोबाईलमध्ये असावी. क्रमांक घेताना पुढील हंगामात निरोप पाठविला तर चालेल का, हे विचारून घ्यावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि कायदा नसता तरी न विचारता निरोप पाठविणे लोकांना आवडत नाही. बऱ्याच जणांनी आपला क्रमांक अडविला किंवा तक्रार केली तर तो व्हॉट्सॲपवर बंद होऊ शकतो.

विक्रीसाठी स्वतंत्र सिम घ्यावे. पण हंगाम संपला की ते कपाटात टाकून देऊ नये. नव्वद दिवसांहून अधिक काळ वापर न झालेला क्रमांक कंपनी बंद करू शकते व कालांतराने तो दुसऱ्यास दिला जातो. पावसाळ्यात रिचार्ज चुकविलेल्या बागायतदाराचा क्रमांक जानेवारीत दुसऱ्याच कोणाकडे असतो, आणि खोक्यावर छापलेला असतो तो हाच. व्हॉट्सॲपवर दोन टप्प्यांच्या पडताळणीची सोय आहे, ती चालू करून तिचा आकडा वहीच्या मागे नव्हे तर घरातील दोन माणसांच्या लक्षात ठेवावा.

एकच निरोप अनेकांना स्वतंत्रपणे पाठविण्यासाठी प्रसारण यादीचा उपयोग होतो. परंतु ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या मोबाईलमध्ये नोंदविला आहे त्यालाच तो निरोप पोहोचतो. ही गोष्ट अनेकांना माहीत नसते व निरोप गेला असे समजून ते निश्चिंत राहतात. यावर सोपा उपाय म्हणजे खोक्याच्या झाकणावर आतून बागेचे नाव व क्रमांक ठळक छापून ‘हा क्रमांक मोबाईलमध्ये ठेवावा’ अशी ओळ द्यावी. आंबा हातात असताना माणूस ते करतो, महिन्याभराने करीत नाही.

जाहिरातीचा हिशेब

पैसे भरून जाहिरात करावी का, असे विचारले जाते. समाजमाध्यमांवरील जाहिरातीची जागा लिलावाने विकली जाते. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात प्रत्येक आंबेवाला त्याच मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकासाठी बोली लावतो, त्यामुळे तीच जाहिरात महाग पडते. म्हणून करावयाचीच झाली तर फेब्रुवारीत, झाडावर कैरी दिसू लागल्यावर करावी.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. आकडे ज्याने त्याने आपले घालावेत. जाहिरातीवर ३,००० रुपये खर्च झाला. ६० जणांनी विचारणा केली व त्यांपैकी १२ जणांनी दोन डझनांची एकेक पेटी घेतली. म्हणजे एक गिऱ्हाईक २५० रुपयांना पडले. खोका, वाहतूक, बदलून दिलेली फळे हे सर्व वजा जाता बाजारापेक्षा पेटीमागे ३०० रुपये अधिक सुटत असतील, तर पहिल्या वर्षी हाती राहिले पेटीमागे ५० रुपये. एवढ्यासाठी रात्री अकरापर्यंत फोन घेणे परवडत नाही. पण त्यांतील सहा जण पुढच्या वर्षी पुन्हा आले आणि त्यांनी दोन-दोन पेट्या घेतल्या, तर त्या १२ पेट्यांवर ३,६०० रुपये जाहिरातीशिवाय मिळाले. जाहिरातीचा फायदा दुसऱ्या वर्षी दिसतो, आणि तो वही ठेवणाऱ्यालाच दिसतो. ज्याच्याकडे गिऱ्हाइकाची नोंद नाही तो दरवर्षी तेच गिऱ्हाईक नव्याने विकत घेतो.

दीडशे-दोनशे कलमांच्या बागायतदाराने स्वतंत्र संकेतस्थळ करून घेण्याची घाई करू नये असे आमचे मत आहे. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्थेने मात्र स्वतःच्या नावाचा पत्ता विकत घेऊन त्याचे वार्षिक शुल्क न चुकता भरावे.

फळ, फोटो आणि विश्वास

दुकानात गिऱ्हाईक फळ हातात घेऊन, वास घेऊन पाहते. मोबाईलवर ते फक्त शब्दावर विश्वास ठेवते. म्हणून थेट विक्रीचा माल बाजारच्या मालापेक्षा जास्त काळजीने काढावा. ८५ टक्के, म्हणजे चौदा आणे तयार झालेली फळे देठासह, कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या नूतन झेल्याने, उन्हाच्या आधी काढावीत व लगेच सावलीत आणावीत. तापलेल्या जमिनीवर पडून राहिलेल्या आणि फार पक्व होऊ दिलेल्या फळांत साक्याचे प्रमाण वाढते. साका बाहेरून दिसत नाही, तो गिऱ्हाइकाच्या ताटात दिसतो. फळ पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाइडचा वापर करण्यास कायद्याने बंदी आहे, तेव्हा भाताच्या पेंढ्याची आढीच घालावी.

पेटीत एक-दोन फळे साक्याची निघतील हे गृहीत धरून त्याचा खर्च आधीच भावात धरावा. फळ कापल्याच्या दिवशी फोटो पाठविल्यास बदली फळ किंवा तेवढे पैसे मिळतील, असे विक्रीपूर्वीच सांगावे आणि मग वाद न घालता द्यावे. गृहसंकुलाच्या गटावर एकाने टाकलेली नाराजी पाच मिनिटांत सर्व घरांत जाते. तशीच, बागायतदाराने विनातक्रार पैसे परत केले ही गोष्टही जाते.

फोटो आपल्याच बागेचे असावेत. आता कोणीही यंत्राकडून झाडाला लटकलेले सुंदर आंबे काढून घेऊ शकतो, त्यामुळे फार देखणा फोटो पाहून गिऱ्हाईक उलट साशंक होते. काट्यावर ठेवलेले फळ, त्याचे वजन, मागे घरची माणसे असा साधा फोटो चांगला. मोहोर, कैरी, काढणी, आढी अशा प्रत्येक टप्प्यावर एक निरोप पुरेसा आहे. फवारणी वाया गेली, अवकाळी पावसाने मोहोर काळा पडला हेही कळवावे, म्हणजे भाव का वाढला हे सांगत बसावे लागत नाही.

परप्रांतातील आंबा हापूस म्हणून विकला जातो ही आपली जुनी तक्रार आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून तो क्रमांक खोक्यावर व मोबाईलवरील यादीत द्यावा. देवगडच्या बागायतदारांच्या संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळावर स्वतंत्र क्रमांकाची चिकटपट्टी लावण्यास सुरुवात केली, त्यावरून गिऱ्हाइकास फळाची खात्री करून घेता येते. कोणतेही समाजमाध्यम बंद पडले तरी फळावरील ओळख फळाबरोबरच राहते.

पैसे घेताना

पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन मागणारा गिऱ्हाईक नव्हे. पैसे पाठविल्याचे चित्र मोबाईलवर आले म्हणजे पैसे आले असे नव्हे, बँकेच्या खात्यावर जमा पाहूनच पेटी गाडीत चढवावी. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, उशीर झाला तर रक्कम अडविता येत नाही. पान किंवा खाते बंद होण्याची धमकी देणाऱ्या निरोपातील दुवा दाबू नये. त्या माध्यमाचे ॲप स्वतः उघडून तेथे खरोखर सूचना आहे का ते पाहावे.

सर्व माल थेट विकावा का

तसे करू नये. आंब्याचे उत्पादन मार्चमध्ये धरलेल्या अंदाजाप्रमाणे येतेच असे नाही. थ्रिप्स, उष्णतेने होणारी फळगळ आणि अवकाळी पाऊस यांनी निम्मे पीक जाऊ शकते. आगाऊ मागणी अंदाजाच्या निम्म्याहून अधिक घेऊ नये व पूर्ण रक्कम आधी घेऊ नये. बाजारपेठेतील आपल्या जुन्या व्यापाऱ्याशी संबंध तोडू नयेत. आढीतील माल एकदम तयार झाला किंवा ऐन वेळी मोबाईलवरील मागणी आटली तर रात्रीच्या गाडीने माल पाठविण्यास तोच उपयोगी पडतो.

मामांच्या बागेत सध्या सुमारे तीन भागांपैकी एक भाग माल थेट जातो. नवीन पान उघडले आहे, ते बरे चालते. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मामी वही घेऊन बसते आणि मागील वर्षी ज्यांची तक्रार आली होती त्यांना पहिला फोन करते.